देवीदासभाऊ आणि हिंगणघाटची गाडी

देवीदासभाऊंना जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांच्या गाळ्यात आता मोबाइलच्या काचा बसवून देणारा एक जण असतो. माणूस भला आहे, मला काका म्हणतो, सकाळी माझ्याही दुकानासमोर झाडू मारतो. तरी मला तो आवडत नाही. त्याचा काही दोष नाही. त्या गाळ्यात कोणीही येऊन बसलं असतं तरी मी असाच तोंड फिरवून बसलो असतो.

वर्ध्यात आर्वी नाक्याच्या अलीकडे आमचे दोन गाळे, मधे एकच भिंत. अलीकडे माझं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान, पलीकडे भाऊंचं. भाऊ म्हणजे गाडीची वायरिंग, दिवे, सेन्सर, सगळी करंटची कामं करणारे. सव्वीस वर्षं आम्ही शेजारी होतो आणि त्यातली निम्मी भांडण्यात गेली असतील. ते गेल्यापासून मात्र जो येतो तो एकच टेप लावतो: भाऊ कधी चुकले नाहीत. माझं डोकं फिरतं. चुकले होते. एकदा चुकले, आणि त्या चुकीपायी पुंडलिक नावाच्या एका ड्रायव्हरची अकरा वर्षांची नोकरी गेली, वर तो खोटारडा ठरला. मग भाऊंनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते सोडून नुसती आरती ओवाळायची असेल तर मला बोलवू नका.

पण आधी माणूस कसा होता ते सांगतो, नाहीतर चूक कुठली ते कळायचं नाही.

उंचीला बेताचे. अंगात दोन खिशांची बंडी, खाली पांढरा पायजमा. त्या पायजम्यावर मी कधी ऑइलचा डाग पाहिला नाही, आणि आमच्या लाइनीत ही गोष्ट जवळजवळ अशक्य आहे. बंडीच्या एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांडीचा आरसा. वय झाल्यावर डॅशबोर्डखाली डोकं घालणं जमेना, तेव्हा कुठून तरी तो पैदा केला. स्कॅनर होता, चांगल्यापैकी होता, पण तो वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात. गाडी आली की लोक म्हणायचे, भाऊ, मशीन लावा न. भाऊ म्हणायचे, बसा. मशीन शेवटी.

गाळ्यात एक पाटी होती, त्यांनीच रंगवलेली: 'आधी सांगा, मग दाखवा.' आणि सांगायचं कोणी, तर जो गाडी चालवतो त्यानं. चावीसुद्धा ते चालवणाऱ्याच्याच हातून घेत. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, असं असलं तर नवऱ्याला सरळ बाहेरच्या बाकावर बसवायचे. मग प्रश्न. कधी होते, सकाळी की दुपारी? चढावर की उतारावर? पायात काय घालून चालवता? बाजूला कोण बसतं? गाणी लावता का? लोक वैतागायचे. आपण दवाखान्यात आलो की गॅरेजमध्ये, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. भाऊंना काही फरक पडायचा नाही. दुरेघी वहीत सगळं लिहून घ्यायचे आणि शेवटी ते वाचून दाखवायचे, बरोबर आहे न म्हणून.

माझी आणि त्यांची लागायची ती इथंच. मी पार्ट विकायला बसलेला माणूस आणि हे शेजारी बसून कोणाला पार्ट बदलू देत नाहीत. पार्ट बदलणं म्हणजे अंदाज करणं होय, आणि अंदाजच करायचा तर माझ्याकडे काऊन यावं कोणी, असं मलाच ऐकवायचे. तिडीक जायची डोक्यात. त्यात आणखी माझी शोकेस. ब्रेकचे दिवे लागतात की नाही हे एकट्या माणसाला कसं दिसणार? म्हणून भाऊ प्रत्येक गाडी उलटी आणून तिची पाठ माझ्या काचेला लावत, ब्रेक दाबत आणि गाडीच्या आरशातून माझ्या काचेत लाल उजेड पाहत. माझ्या गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट नाही. मी ओरडायचो. तुझ्या काचेएवढी साफ काच अख्ख्या नाक्यावर नाही म्हणायचे, आणि मी येडा, खूश व्हायचो.

समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि आमच्याकडे क्रूझचं खूळ आलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो. क्रूझ म्हणजे एक वेग ठरवून बटण दाबायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्यायचा. गाडी आपली त्या वेगानं चालत राहते. ब्रेकला नाहीतर क्लचला जरा पाय लागला की ते आपोआप सुटतं. सरळ रस्ता मिळाला म्हटल्यावर जो तो ते बटण दाबायला लागला, आणि चाललं नाही की भाऊंकडे यायला लागला. पासष्टी ओलांडल्यावर भाऊंचं नाव झालं ते या क्रूझपायी. आष्टीपासून हिंगणघाटपर्यंतच्या गाड्या यायच्या.

'क्रूझ सुटते म्हंजे बिघडली नाई,' भाऊ प्रत्येकाला सांगायचे. 'तिले कशाची तरी शंका आली. थे शोधा.'

एक मास्तर होते सेवाग्राम रस्त्याला राहणारे. त्यांची क्रूझ लागेचना. भाऊंनी विचारलं कधीपासून, तर दिवाळीपासून. दिवाळीत गाडीला काय केलं? काही नाही हो, मास्तर म्हणाले, मागचे दिवे तेवढे बदलले, पोरांची हौस, झगमगीत लाल एलईडी लावले. भाऊंनी मान वळवून मधल्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे मी. दिवे मीच विकले होते. ते नवे दिवे करंट इतका थोडा घेत की गाडीला वाटायचं बल्ब उडालाय, आणि ब्रेकच्या दिव्याचा भरवसा नसेल तर ती गाडी क्रूझ लावूच देत नसे. भाऊंनी ते दिवे काढले आणि मास्तरांच्या देखत माझ्या काउंटरवर आणून ठेवले. चार दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांनी डब्यातली पातोडीची भाजी माझ्याकडे सरकवली, आणि वहिनींच्या हातची पातोडी नाकारण्याइतका मी मोठा माणूस नाही.

आर्वीकडचा एक शेतकरी नवी कोरी गाडी घेऊन आला होता. क्रूझ चालतच नाही म्हणे. कुठं लावून पाहिली? तर गावातल्या गावात, शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंत. अहो, चाळिशीच्या आत ते बटण धरतच नाही. मी इकडे खदाखदा हसलो, आणि भिंत काही जाड नव्हती. भाऊ त्या माणसाला नागपूर रस्त्यावर घेऊन गेले, शेजारी बसून त्याच्याच हातून बटण दाबवलं, परत आल्यावर चहा पाजला आणि पाठवून दिलं. मग माझ्याकडे आले.

'हसला काऊन तू?' म्हणाले. 'मानसाले लाज वाटली तं थो खरं सांगत नाई. अन् त्यानं खरं सांगतलं नाई तं मी गाडी कशी पाहू?'

पण माणूस हट्टीही तेवढाच. एका साहेबांच्या गाडीचा ब्रेकचा स्विच खराब झाला होता, क्रूझ दर दहा मिनिटांनी सुटायची. नवा स्विच यायला आठवडा आणि साहेबांना परवाच मुंबई गाठायची. साहेब म्हणाले, वायरी जोडून टाका, म्हणजे सुटणारच नाही. भाऊ नाही म्हणाले. साहेबांचा आवाज चढला, कोणाकोणाची नावं घेऊन झाली. ब्रेक मारला तरी धरून राहील अशी गाडी मी कोणाला देत नाही, तुमच्या मागच्या सीटवर लेकरं बसतात, एवढं बोलून भाऊंनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. मी तर मधे पडून साहेबांची बाजू घेत होतो. आठ दिवसांनी साहेब गुपचूप आले आणि स्विच बसवून गेले.

असा माणूस. आता हिंगणघाटच्या गाडीचं ऐका.

कापूस वेचायचे दिवस होते. किसनशेठ म्हणजे हिंगणघाटचे धान्याचे व्यापारी, मोठी आसामी, वय सत्तरीचं. मणक्याचा त्रास, म्हणून कायम मागच्या सीटवर पाठीला उशी लावून बसायचे. लेक संभाजीनगरला, महिन्याला एक फेरी तिच्याकडे. पुंडलिक त्यांचा ड्रायव्हर, गिरडचा, शेतकऱ्याघरचा, अकरा वर्षं त्यांच्याकडे. आधीची गाडी साधी होती, ही क्रूझवाली नवी. तक्रार अशी की पुंडलिक चालवत असला की क्रूझ मधेच सुटते आणि गाडी एकदम मंदावते. दोनदा मागचा ट्रक हॉर्न मारत पार अंगावर आला होता. शेठ म्हणत, तू पाय लावतोस. पुंडलिक म्हणे, मी काहीच केलं नाही, पाय मागं घेऊन बसलो होतो. कंपनीच्या वर्कशॉपनं गाडी ठीक म्हणून सांगितलं. शेवटी शेठनं दुखऱ्या मणक्यानं स्वतः तासभर चालवून पाहिली, एकदाही सुटली नाही. राग क्रूझचा राहिलाच नव्हता. अकरा वर्षांनी हा माणूस माझ्याशी खोटं बोलायला लागला, हे शेठच्या डोक्यात जाऊन बसलं होतं.

गाडी आमच्यासमोर थांबली. पुंडलिकनं दार उघडून आधी चपला खाली टाकल्या, मग त्यात पाय घातले आणि धावत जाऊन शेठचं दार उघडलं. शेठ उतरले तसा मी आतून माझी गादीची खुर्ची आणली. चहा सांगितला. तीन चहा: शेठ, भाऊ आणि मी. पुंडलिक गाडीच्या पलीकडे हात बांधून उभा राहिला.

भाऊंनी वही काढली आणि शेठना विचारलं. कधी होते, कुठं होते, वेग किती असतो. शेठ सांगत गेले, भाऊ लिहीत गेले. मग तीन तास चाललं ते. ब्रेकचा स्विच, क्लचचा स्विच, स्टिअरिंगवरची बटणं, चारही चाकांचे सेन्सर. लुगड्यातून स्कॅनरसुद्धा निघाला. शेवटी भाऊ स्वतः गाडी घेऊन समृद्धीवर गेले आणि मोठी फेरी मारून आले. काही सापडलं नाही.

'बोला मिस्त्री,' शेठ म्हणाले. 'दोष गाडीत आहे का मानसात?'

भाऊ दमले होते. 'गाडीत काईच दोष नाई शेठजी,' म्हणाले.

माणसात आहे असं ते म्हणाले नाहीत. पण म्हणायचं बाकी तरी काय राहिलं? शेठनं हात पुढे केला आणि पुंडलिकनं त्यावर चावी ठेवली. गाडीतून आपला डबा घेतला, पाण्याची बाटली घेतली. मी खोटं नाही बोललो शेठजी, एवढं एकदाच म्हणाला, तेही हळू. शेठ स्वतः गाडी चालवत निघून गेले. पुंडलिक पायी बसस्टँडकडे गेला. मी माझी खुर्ची आत नेली.

त्यानंतर भाऊंचं बिनसलं. गाड्या बघत होते, पण मधेच वही उघडून तेच पान वाचायचे आणि मिटून ठेवायचे. डबा अर्धा परत जायचा. मी एकदा म्हटलं, भाऊ, तुम्ही खरं तेच सांगितलं, गाडीत नव्हताच दोष, मग कशाला जीव जाळता? तर माझ्यावर असे उखडले की दोन गिऱ्हाइकं दारातून परत फिरली.

दहाव्या दिवशी दुपारी वही घेऊन आले आणि माझ्या काउंटरवर उघडून ठेवली. वाच म्हणाले. मी वाचलं. सगळं नीट लिहिलेलं होतं. हे सांगणं कोणाचं आहे, त्यांनी विचारलं. शेठचं, मी म्हटलं. मग त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवतो? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

'पाटी लावून बसलो मधू मी,' भाऊ म्हणाले, 'अन् शेठ पाह्यला तं चालवनाऱ्याले इचारलंच नाई. थो माह्यापासून चार हातांवर उभा होता.'

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, ते भाऊंपेक्षा माझं मलाच जास्त वाटलं. खुर्ची मी आणली होती. तीन चहा मी सांगितले होते. चौथा माणूस तिथं उभा आहे हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही दुकानं बंद ठेवून आम्ही माझ्या गाडीनं गिरडला गेलो. पुंडलिक भावाच्या शेतात कापूस वेचत होता. गावात बातमी आधीच पोचली होती: शेठनं काढला, लबाडी केली म्हणून. त्यानं दोन ठिकाणी गाडीवर ठेवा म्हणून शब्द टाकला होता, दोन्हीकडून पाहू असं उत्तर आलं होतं. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पार उतरला. आणखी काही आळ घेऊन आलो असं वाटलं असणार त्याला. भाऊ शेताच्या धुऱ्यावर मांडी घालून बसले, वही काढली आणि म्हणाले की हे सगळं मी तुला त्या दिवशीच विचारायला पाहिजे होतं, आता विचारू का?

तासभर चाललं. पुंडलिक आधी हो-नाही करत होता, मग बोलायला लागला. क्रूझ लावल्यावर पाय कुठं ठेवतो? मागं, सीटजवळ. डावासुद्धा? डावासुद्धा. पायात काय असते? इथं तो जरा हसला. काहीच नसते म्हणाला. गाडीत शेठाणीबाईंनी बसवलेला गणपती आहे, आरशाला आमच्या टेकडीवरच्या बाबाच्या दर्ग्यावरचा हिरवा कपडा मीच बांधलाय, तिथं चपला घालून कसा बसू? अकरा वर्षं अनवाणीच चालवतो. मग चपला कुठं जातात? डाव्या कोपऱ्यात, क्लचच्या बाजूला पाय टेकवायला जागा असते तिथं, उभ्या लावून.

भाऊंनी पेन खाली ठेवलं.

मला मेल्याला काहीच कळलं नाही, मला समजावून सांगावं लागलं. पाय तिथं असतो तोवर चपला पायानं दाबून राहतात. क्रूझ लावली, पाय मागं घेतला, की त्या मोकळ्या होतात. रस्त्याच्या थरथरीनं वरची चप्पल कलते आणि क्लचच्या पेडलवर पडते. टायरच्या तळाची जड चप्पल ती. एरवी तेवढ्या वजनानं काही बिघडत नाही, पण क्लच जरासा दबला तरी क्रूझ सुटते. शेठ बूट घालून चालवणारे, वर्कशॉपवाले बूट घालून, भाऊंच्या चपला भाऊंच्या पायात. त्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाच्या वेळी काही नव्हतंच, मग दोष दिसणार कसा?

'म्हंजे चूक माहीच होती भाऊ,' पुंडलिक म्हणाला. कापसाची ओटी तशीच कमरेला होती त्याच्या.

'चूक आहेच,' भाऊ म्हणाले. 'ब्रेकखाली गेली असती तं कोनी वाचलं नसतं. त्याच्यासाठी तुले अलग बोलीन. पन तू खोटं नाई बोलला. अन् खोटा तू माह्या तोंडानं ठरला.'

मी म्हटलं, इथूनच शेठला फोन करू. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन खिशात ठेवला. त्याचं नाव भर रस्त्यावर चार माणसांत गेलं, ते फोनवर परत येते का, म्हणाले. पुंडलिक यायला तयार नव्हता. त्याच्या भावानं त्याला ढकलून गाडीत बसवलं.

हिंगणघाटला शेठ गादीवर बसले होते. पुंडलिकला पाहून त्यांनी तोंड फिरवलं. नवा माणूस ठेवलाय, तो विषय संपला, म्हणाले. भाऊ दारातच उभे राहिले. त्या दिवशी माझं चुकलं शेठजी, म्हणाले, जाम गावापर्यंत एक फेरी मारून द्या, मग आम्हाला हाकलून द्या. जिल्ह्यात नाव असलेला मिस्त्री आपल्या दारात येऊन चुकलो म्हणतोय, हे शेठनाही नवीन असावं. उठले आणि उशी मागवली.

पुंडलिकनं नेहमीसारख्या चपला काढल्या. भाऊंनी त्याला सांगितलं होतं की रोज ठेवतोस तशाच ठेव. भाऊ त्याच्या बाजूला, मागे शेठ आणि मी. नागपूरच्या हायवेला लागलो, ऐंशीवर बटण दाबलं, पुंडलिकनं पाय मागं घेतले. अर्धा रस्ता गेला, काही नाही. शेठनं एकदा घसा खाकरला. पुंडलिकच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. एखादी चप्पल पडावी म्हणून देवाला हात जोडायची वेळ माझ्यावर आयुष्यात त्या दिवशीच आली.

आणि गाडी मंदावली.

हलू नको, भाऊ पुंडलिकला म्हणाले, आणि शेठना म्हणाले, पाहा. शेठ मणका विसरून दोन्ही सीटांच्या मधून पुढे वाकले. पुंडलिकचे दोन्ही पाय मागे होते. चप्पल क्लचवर आडवी पडली होती.

थोडं पुढं एका ढाब्यापाशी गाडी बाजूला घेतली. भाऊ उतरले, वळसा घालून पुंडलिकच्या दाराशी आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि ती चप्पल स्वतःच्या हातानं उचलली. भाऊ, राहू द्या, हात नका लावू, पुंडलिक म्हणत होता. भाऊंनी ती शेठसमोर धरली.

'हा तुमचा दोष शेठजी,' म्हणाले. 'तुमी इचारलं होतं, गाडीत का मानसात. मी अर्धंच सांगतलं. मानसातबी नव्हता.'

शेठनं चप्पल पाहिली, पेडल पाहिलं. मग म्हणाले की ठीक आहे, पुंडलिक, उद्या सातला ये, नव्या माणसाला मी सांगतो. माझा जीव भांड्यात पडला. मी खरंच गाडीत बसायला वळलो. भाऊ जागचे हलले नाहीत.

'नोकरी परत देली तुमी,' भाऊ म्हणाले. 'नाव तुमच्यापाशीच राह्यलं त्याचं. थे द्या.'

शेठचा चेहरा लाल झाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण मीही व्यापारीच, आम्ही माल परत घेतो, शब्द परत घेत नाही. ढाब्यावरचे ट्रकवाले बघत होते. भाऊ मग पुंडलिककडे वळले. चप्पल त्याच्या पायाशी ठेवली आणि सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं सगळ्यांसमोर हात जोडले. तुला न विचारता मी बोललो पुंडलिक, मला माफ कर, म्हणाले.

पुंडलिक मागे सरकत गाडीला जाऊन टेकला. शेठ दोन पावलं पुढे आले.

'तू खोटं नाई बोलला पुंडलिक,' शेठ म्हणाले. 'मीच ऐकलं नाई.'

पुंडलिक गळ्यातला दुपट्टा तोंडाला लावून तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लपवत नाही. शेठनं चहा सांगितला. पुंडलिक बाकावर बसायला तयार नव्हता, शेठनं हाताला धरून बसवला. त्या दिवशी चार कप आले.

भाऊ कुठं दिसेनात. पाहतो तर गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर दार उघडं टाकून बसलेले, पाय बाहेर सोडून. मी बोलवायला गेलो. त्यानंतर भाऊ सात महिने होते, रोज भेटत होते, माझ्या काचेला गाड्याही लावत होते. पण त्यांची आठवण आली की मला ते त्या सीटवरच दिसतात.

'अकरा दिवस, मधू,' म्हणाले. 'नोकरी भेटली, नाव भेटलं. पन अकरा दिवस त्याचे पोट्टे त्याच्याकडं कसे पाहत असतील, थे मी कुठून परत आनू?'

चहा थंड होऊन राह्यला भाऊ, एवढंच मी म्हटलं. तेवढ्यात मागून पुंडलिकच कप घेऊन आला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला, पण मान काही वर केली नाही. पुंडलिक त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला आणि भाऊंचा चहा संपेपर्यंत तिथून उठला नाही.